आधी टिपण, मग खर्डा, सगळ्यात शेवटी ब्लॉग

रविवारी सकाळी कोथरूडला आमच्या घरी सहा-सात जण आपापलं लिखाण घेऊन येतात. कुणी नुकतं निवृत्त झालेलं, कुणी हिंजवडीला नोकरी करणारं, दोघी कॉलेजातल्या. चहा होईपर्यंत एक तक्रार हमखास कानावर येते: "ब्लॉग काढला, तीन पोस्ट झाल्या आणि पुढे काही सुचेचना." सुरुवात कशी केली असं विचारलं की उत्तरही ठरलेलं. आधी नाव शोधलं, मग थीम निवडली, वरच्या पट्टीत टेकडीवरच्या सूर्योदयाचा फोटो लावला, 'माझ्याविषयी'चं पान सजवलं आणि त्यानंतर विषय शोधायला बसलो.

क्रम उलटा झाला की सगळा उत्साह सजावटीत खर्च होतो आणि लिहायच्या वेळी हात रिकामे राहतात. म्हणून हा लेख. रोजच्या जगण्यातलं साडेतीनशे ते सहाशे शब्दांचं एक स्फुट, सुचल्यापासून नेटवर जाईपर्यंत, कोणत्या क्रमाने न्यायचं आणि लोक नेमके कुठे घसरतात, ते इथे सांगते आहे. पाककृती, प्रवासवर्णन, परीक्षण यांची शिस्त वेगळी असते. तो विषय इथे घेतलेला नाही.

## तयारी: तीन गोष्टी, त्याही आजच

टिपणाची एकच जागा. खिशात मावणारी वही किंवा फोनमधलं नोंदींचं ॲप, दोन्हींपैकी एक. थोडं वहीत, थोडं फोनमध्ये, थोडं स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲप निरोपात असं विखुरलं की रविवारी काहीच सापडत नाही.

मराठीचा कीबोर्ड. बऱ्याच जणांच्या फोनवर हिंदीचा कीबोर्ड असतो आणि त्यावरच मराठी रेटली जाते. मग वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी दंड (।) पडतो, 'ळ' शोधत बसावं लागतं आणि शब्द सुचवताना फोन 'नाही'च्या जागी 'नहीं' पुढे करतो. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषेच्या यादीतून 'मराठी' निवडा. दोन मिनिटांचं काम आहे.

एक फोल्डर आणि त्यात तीन उपफोल्डर: टिपणं, खर्डे, प्रसिद्ध. संगणक नसेल तर फोनवरच्या ड्राइव्हमध्ये करा. फाइलच्या नावात आधी तारीख, मग दोन शब्द.

एवढंच. ब्लॉगचं नाव, रंग, फोटो यातलं काहीही अजून नको. मनात नाव घोळत असेल तर वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि पान उलटा.

## टप्पा १: २१ दिवस फक्त टिपणं

रोज एक टिपण. चार-पाच ओळी पुरतात. त्यात चार गोष्टी असाव्यात: कुठे आणि केव्हा, काय दिसलं, काय ऐकू आलं (बोलणाऱ्याच्या शब्दांत, जसंच्या तसं) आणि आपल्याला न उलगडलेली एखादी बाब. 'मला काय वाटलं' हे टिपणात लिहू नका. वाटणं नंतर आपोआप येतं. दिसलेलं मात्र संध्याकाळपर्यंत पुसट होतं.

माझ्या वहीतलं एक टिपण जसं होतं तसं देते:

"बुधवार, संध्या. ६. नळ स्टॉपजवळ किल्लीवाला. लाकडी पेटी, वर तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. जुनी आणि कोरी एकावर एक ठेवून पकडीत आवळली. कानस. वरून मेट्रो गेली तेव्हा कानशीचा आवाज बुडाला, हात थांबला नाही. फुंकर. मांडीवरच्या फडक्यावर पितळेचा पिवळा भुगा. एक डोळा मिटून दोन्ही किल्ल्या उजेडाकडे. मी: 'बसेल ना?' तो: 'किल्ली मी देतो. बसते की नाही ते कुलूप सांगेल.' – कुठे थांबायचं हे हाताला कसं कळतं?"

शेवटचा प्रश्न बघा. पुढचं सगळं स्फुट त्या प्रश्नाच्या पोटातून निघालं. ज्या टिपणात असा प्रश्न नसतो त्यावर सहसा अर्धं पानही होत नाही.

नेटवरचं जगणंही याच पद्धतीने टिपा. 'आजकाल सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून असतात' हे टिपण नव्हे, ते मत झालं. 'स्वारगेटच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांनी एक व्हिडिओ तीनदा पाहिला, तिन्ही वेळा एकाच जागी हसले' हे टिपण.

सावधान: या २१ दिवसांत टिपण कुणाला दाखवू नका, स्टेटसला तर अजिबात ठेवू नका. चार अंगठे आणि दोन बदाम मिळाले की मनाला ते काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं आणि खर्डा होतच नाही. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता रविवारच्या मंडळींना पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

तपासून बघा: २१ दिवसांनी वहीत किमान १५ टिपणं आहेत का? त्यांतल्या पाचांत तरी कुणाचं तरी बोलणं जसंच्या तसं आहे का? नसेल तर आणखी एक आठवडा टिपत राहा. पुढे पळू नका.

## टप्पा २: निवड

सगळी टिपणं एका बैठकीत वाचा आणि तीन बाजूला काढा. कसोटी सोपी आहे: हे दुसऱ्या कुणाला लिहिता आलं असतं का?

खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की त्या संध्याकाळी निम्म्या पुण्याला लिहावंसं वाटतं. लिहायला हरकत नाही. पण 'मुठामाई दुथडी भरून वाहत होती' हे कुणीही, घरी बसूनही, लिहू शकतं. बॅरिकेडपाशी दुचाकी वळवून घेणाऱ्या बाईच्या मागे बसलेली गणवेशातली मुलगी पाण्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होती, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं. तुमच्या टिपणात असं काही असेल तर भिडे पूल घ्या, नाहीतर सोडा.

## टप्पा ३: खर्डा एका बैठकीत

चाळीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. फोनवरच लिहीत असाल तर विमान मोडवर. खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. ब्लॉगच्या एडिटरमध्ये खर्डा लिहू नका, कारण तिथे 'प्रकाशित करा'चं बटण डोळ्यांसमोर असतं आणि थकलेला माणूस ते दाबतो.

पहिलं वाक्य थेट टिपणातून घ्या. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

माझ्या किल्लीवाल्याच्या खर्ड्याची पहिली सुरुवात अशी होती: 'आजच्या धकाधकीच्या जीवनात आपण किती तरी माणसांकडे लक्षच देत नाही. परवा असाच एक अनुभव आला आणि मन अंतर्मुख झालं.' दोन वाक्यं झाली आणि वाचणाऱ्याला अजून काही दिसलेलं नाही. तो किल्लीवाला कुठे बसला आहे हेही त्याला माहीत नाही. ती दोन्ही काढली आणि नवी सुरुवात केली: 'वरून मेट्रो गेली तेव्हा कानशीचा आवाज बुडाला, पण त्याचा हात थांबला नाही.' आता वाचणारा नळ स्टॉपला, पेटीसमोर उभा आहे.

आमच्याकडे येणाऱ्या एका आजींचं उदाहरण त्यांना विचारून देते. त्यांनी पहिल्या खर्ड्यात दोन पानं लिहिली: तंत्रज्ञानाने माणसं कशी जवळ आली आणि कशी दूर गेली, पूर्वी पत्रं कशी यायची, आता भावना कशा आटल्या. वाचून झाल्यावर सगळे गप्प. मग चहाचा कप उचलता उचलता त्या सहज म्हणाल्या, "यांचा नंबर अजून सोसायटीच्या ग्रुपवर आहे. टँकर आला की यांच्याही फोनवर टिंग वाजतं. तो फोन मी रोज रात्री चार्जिंगला लावते." दोन पानं बाजूला ठेवली आणि त्या तीन वाक्यांपासून पुन्हा लिहायला सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी आणलेलं स्फुट ३८० शब्दांचं होतं. तंत्रज्ञान हा शब्द त्यात एकदाही नव्हता. चार्जरची वायर मात्र होती, पिवळी पडलेली, चिकटपट्टी लावलेली.

मोठा विषय लिहायचा असेल तर छोटी वस्तू हातात धरा. कुठून शिरायचं ते तीच सांगते.

सावधान: हे शब्द खर्ड्यात आले तर येऊ द्या, पण खाली रेघ मारून ठेवा: 'धकाधकीचं जीवन', 'मन भूतकाळात रमलं', 'डोळ्यांच्या कडा पाणावल्या', 'कुठेतरी वाचलं होतं', 'खरंच, किती छान ना', आणि शेवटचं 'असो'. आपण इतकी वर्षं ते ऐकत आणि वाचत आलो आहोत की ते हातातून आपोआप उतरतात. त्यांचं काय करायचं ते पुढच्या टप्प्यात येतं.

## टप्पा ४: दोन रात्री मुरू द्या, मग मोठ्याने वाचा

लिहिल्यावर लगेच वाचलं की डोळ्याला कागदावरचं न दिसता मनातलं दिसतं. दोन रात्री जाऊ द्या. लोणच्याच्या बरणीसारखं रोज झाकण उघडून बघू नका.

तिसऱ्या दिवशी उभं राहून, आवाज काढून वाचा. साडेतीनशे शब्दांना साधारण तीन मिनिटं लागतात. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जीभ अडखळते तिथे बहुधा 'च्या' आणि 'मध्ये' यांची माळ लागलेली असते. जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथे वाचणारा आधीच उठून गेलेला असतो.

मग कापाकापी, याच क्रमाने:

१. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. काही अडतं का? अडत नसेल तर पहिला काढून टाका. दहापैकी सहा-सात वेळा तो जातो.

२. शेवटचा परिच्छेद तसाच झाकून बघा. उपदेश, तात्पर्य, 'आपण सगळ्यांनीच विचार करायला हवा' असं काही असेल तर तेही जातं. किल्लीवाल्याच्या खर्ड्याच्या शेवटी मी 'आपल्या आयुष्याची किल्लीही…' असं काहीतरी लिहिलं होतं. ते काढलं आणि 'ते कुलूप सांगेल' यावर थांबले.

३. रेघ मारलेले शब्द घ्या. प्रत्येकाच्या जागी त्या क्षणी प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. काही आठवत नसेल तर वाक्यच काढा.

४. विशेषणं मोजा. एका नामाला दोन असतील तर एक ठेवा.

हा क्रम मोडून आधी विशेषणं घासत बसलात तर ज्या परिच्छेदाला पुढे कात्री लागणार, त्यालाच तासभर पॉलिश केल्यासारखं होतं.

## टप्पा ५: शुद्धलेखन आणि टायपिंग

मजकूर पक्का झाल्यावरच हे करा. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १८ नियम आहेत. एकदा निवांत वाचून छापील प्रत वहीत चिकटवून ठेवावी. तोवर रोज दिसणाऱ्या चुका तरी टाळा.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत सहसा दीर्घ असतो, पण 'आणि' आणि 'नि' ऱ्हस्वच. 'आणी' चूक. दोन वाक्यं जोडणारा 'की' मात्र दीर्घ, 'कि' चूक.

'असं-केलं' लिहायचं की 'असे-केले' हे पहिल्या ओळीत ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. गप्पांच्या सुरातल्या स्फुटाला 'असं-केलं' शोभतं. एका परिच्छेदात दोन्ही आले की लिहिणारा मध्येच खुर्चीवरून उठून व्यासपीठावर गेल्यासारखं वाटतं.

'स्वतः', 'विशेषतः' यांत विसर्ग हवा. घाईत अपूर्णविरामाचं चिन्ह (:) लावलं जातं. दिसायला जवळपास सारखं, पण शोधताना तो शब्द सापडत नाही.

'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि दुसरा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्याला सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. 'दुसऱ्या'तल्या अर्ध्या र चंही तसंच आहे. मराठी कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर असतं. ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य असा क्रम घेतला की तो नीट येतो. 'दुसर्या' असं उमटलं तर कीबोर्ड तपासा, तसंच पुढे ढकलू नका.

बोलून टाइप करत असाल तर उत्तम, खर्ड्यासाठी वेग चांगला मिळतो. पण विरामचिन्हं स्वतः घालावी लागतात आणि न-ण, श-ष यांवर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

सावधान: जुन्या डीटीपीच्या फाइली थेट चिकटवू नका. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला जुना मजकूर युनिकोड (सगळ्या उपकरणांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसतो. तुमच्या संगणकावर तो मराठी दिसतो; दुसऱ्याच्या फोनवर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. युनिकोड रूपांतरक वापरा आणि नंतर प्रत्येक ओळ वाचा, कारण रूपांतरात वेलांट्या आणि रफार हमखास सरकतात. मंडळाच्या किंवा बँकेच्या गृहपत्रिकेत कधीकाळी लिहिलेलं पुन्हा वर काढणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं.

## टप्पा ६: माणसं, फोटो, दुसऱ्याचे शब्द

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मीही गाळला होता. आमच्या इमारतीतल्या एका काकूंवर मी अतिशय प्रेमाने लिहिलं होतं. नाव बदललं होतं. पण 'वरच्या मजल्यावरच्या, दारात तुळशीच्या तीन कुंड्या असणाऱ्या' असं लिहिल्यावर आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत नाव बदलून काय उपयोग? त्यांच्या मुलाची नोकरी गेल्याचा एका ओळीत उल्लेख होता. तो त्यांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचला. काकू भांडल्या नाहीत. त्यांनी आमच्याकडे येणं बंद केलं. ती पोस्ट मी काढली, पण तोवर ज्यांनी वाचायची त्यांनी वाचली होती.

तेव्हापासून प्रसिद्ध करण्याआधी मी तीन प्रश्न विचारते. हा माणूस स्वतः वाचेल तेव्हा त्याला काय वाटेल? शेजारचे, ऑफिसातले, नात्यातले त्याला ओळखतील का? ही गोष्ट सांगायचा हक्क माझा आहे की त्याचा? उत्तर डळमळलं तर त्या माणसाकडे जाऊन वाचून दाखवते. नाही म्हणाला तर खर्डा वहीतच राहतो. आजारपण, पैसा, घटस्फोट आणि लहान मुलांविषयीच्या गोष्टी परवानगीवाचून कधीच नाहीत. आपल्या स्वतःच्या मुलांनाही हे लागू आहे. आज दुसरीत असलेला मुलगा उद्या दहावीत जाणार आहे आणि त्याचे मित्रही वाचणार आहेत.

फोटो स्वतः काढलेला वापरा. मागे सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर, शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्ह येतं आहे का ते मोठं करून बघा. फोनच्या कॅमेऱ्यात स्थळाची नोंद चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही बसतात. घरातले फोटो काढण्याआधी ती बंद करा. गूगलवर शोधून मिळालेला फोटो फुकटचा नसतो. तो कुणीतरी काढलेला असतो.

कवितांचंही तेच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं त्याच्या कवितेवर हक्क राहतो. एक-दोन ओळी नावासह उद्धृत करणं वेगळं आणि अख्खी कविता छापणं वेगळं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या ओळींखाली जे नाव असतं त्यावर विसंबू नका. पुस्तक काढून बघा. वाचनालयात ते सापडतं.

## टप्पा ७: आता ब्लॉग उघडा

प्रसिद्धीला तयार अशी चार स्फुटं फोल्डरमध्ये आहेत का? असतील तरच. चार हाताशी असली की पहिल्या महिन्यात दमछाक होत नाही आणि आपण कसं लिहितो हेही एव्हाना कळलेलं असतं. त्यामुळे नाव शोधायला रात्री जागवाव्या लागत नाहीत. ते त्या चारांतूनच मिळतं.

ब्लॉगर किंवा वर्डप्रेस, दोन्ही चालतील. सुरुवातीला फुकटची सोय पुरते. पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, काळी अक्षरं, एक रकाना. देवनागरीला वर-खाली मात्रा आणि उकार असतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर रोमन लिपीपेक्षा थोडं जास्त ठेवावं लागतं. काळ्यावर पांढरी अक्षरं, हलणारी फुलं, आपोआप वाजणारं संगीत: नको.

पोस्टच्या पत्त्याकडे विशेष लक्ष द्या. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' असंच काहीतरी टाकतो. दहा पोस्ट झाल्या की कोणता पत्ता कशाचा ते कळत नाही. वर्डप्रेसवर देवनागरी शीर्षक पत्त्यात जातं खरं, पण पत्ता दुसरीकडे चिकटवला की प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं उमटतात. 'किल्ली' या एवढ्याशा शब्दात सहा चिन्हं आहेत. त्यांची ५४ होतात. व्हॉट्सॲपवर तो लांबलचक पत्ता बघून लोक त्याला हात लावायलाच घाबरतात. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी पोस्टच्या सेटिंग्जमध्ये पर्मालिंक (पोस्टचा कायमचा पत्ता) उघडा आणि दोन-तीन शब्दांचा रोमन अक्षरांतला पत्ता स्वतः द्या. प्रसिद्ध झाल्यावर बदललात तर आधी पाठवलेली लिंक मोडू शकते.

शीर्षकाबाबत एकच: 'पाऊस', 'आठवणी', 'मन', 'ती' ही नावं सोडून द्या. टिपणातली वस्तू उचला. 'कोरी किल्ली' किंवा 'पिवळी वायर' हे लक्षात राहतं.

## टप्पा ८: चिकटवा, बघा, मग प्रसिद्ध करा

वर्डमधून मजकूर आणताना साध्या मजकुराच्या रूपात चिकटवा (संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-व्ही). नाहीतर वर्डचे फॉन्ट आणि आकार सोबत येतात आणि फोनवर एक परिच्छेद मुंगीएवढा, दुसरा हत्तीएवढा दिसतो.

'प्रिव्ह्यू' बघा, तोही फोनवर. वाचणारे बहुतेक फोनवरच असतात. संगणकावर चार ओळींचा वाटणारा परिच्छेद फोनवर अख्खा पडदा भरतो. तसं झालं तर तो तोडा.

खाली आपलं नाव आणि तारीख लिहा, पोस्टच्या मजकुरातच. मग लिंक आणि पहिली दोन वाक्यं एवढंच ग्रुपवर पाठवा. पूर्ण मजकूर व्हॉट्सॲपवर टाकलात की तिसऱ्या फॉरवर्डला नाव गळतं आणि महिन्याभराने तुमचंच लिखाण 'लेखक अज्ञात' म्हणून तुमच्या आत्याकडून तुम्हाला येतं. ग्रुपवर एकदाच पाठवा. 'वाचलंत का?' असा पाठपुरावा नातेवाइकांना जड जातो.

रात्री अकरानंतर प्रसिद्ध करू नका. पोस्ट शेड्यूल करून सकाळची वेळ द्या. सकाळी डोकं ताजं असताना एखादी चूक दिसली तर दुरुस्त करायला अजून वेळ असतो.

## टप्पा ९: जपणूक आणि दुरुस्ती

लोक ज्यांवर लिहायचे ती संकेतस्थळंही बंद होतात: जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. प्रत्येक वेळी लोकांना मजकूर उतरवून घ्यायला मुदत होती आणि प्रत्येक वेळी अनेकांनी ती घालवली. एका संकेतस्थळावर माझी चाळीसेक स्फुटं होती. ते बंद होणार असल्याची सूचना जुन्या ईमेलवर आली; तो ईमेल मी उघडतच नव्हते. वडिलांवर लिहिलेलं एक स्फुट त्यात गेलं. ते पुन्हा लिहायचा प्रयत्न केला, पण त्या आठवड्यात त्यांचा आवाज जसा कानात होता तसा आता नाही.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअप. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये मजकुराचा बॅकअप घेण्याची सोय आहे, वर्डप्रेसमध्ये टूल्सखाली एक्स्पोर्ट आहे. मिळालेली फाइल ड्राइव्हमध्ये आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेवा. बॅकअपमध्ये फोटो येतातच असं धरू नका; ते वेगळे उतरवा. वर्षाअखेरीस सगळ्या पोस्ट छापून स्पायरल बाइंडिंग करून घ्या. शंभर पानांना फार खर्च येत नाही आणि घरातली जी माणसं स्क्रीनवर वाचत नाहीत ती ते वाचतात.

प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर? शुद्धलेखनाची असेल तर गुपचूप सुधारा. माहितीची असेल तर मजकूर सुधारून खाली तारखेसह 'दुरुस्ती' असं लिहा. ज्यांनी आधी वाचलं त्यांना ते कळायला हवं.

किल्लीवाल्याचं स्फुट प्रसिद्ध करण्याआधी मी त्याची परवानगी घेतली होती, पण तेव्हा गिऱ्हाइकं होती म्हणून तोंडी सांगूनच निघाले. प्रसिद्ध झाल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा गेले आणि त्याच्या पेटीसमोर उभं राहून पूर्ण वाचून दाखवलं. मेट्रो गेली तेव्हा थांबले, मग पुढे वाचलं. त्याने कानस खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "ताई, तुमच्या किल्लीचा भुगा पांढरा होता. पिवळा दिसला तो आधीच्या गिऱ्हाइकाचा. फडकं झटकायचं राहिलं होतं."

घरी येऊन 'पितळेचा' हा शब्द काढला आणि त्या दिवसाच्या तारखेने खाली दुरुस्ती लिहिली.